पिवळा येत नाही

माझ्या नाकावर राग असतो, हे मी कधी नाकारलं नाही. पेपरवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या वकिलापर्यंत सगळ्यांनी त्याचा प्रसाद खाल्लेला आहे. सगळ्यात जास्त अर्थातच ह्यांनी. लग्न झाल्यापासून आमच्या घरात मी बोलायचं आणि ह्यांनी "हं, पुढे?" म्हणायचं, अशीच कामाची वाटणी होती. मी आणखी चिडायचे, ते आणखी शांत व्हायचे, आणि मग कधीतरी दोघंही हसायचो. संसार म्हणजे दुसरं काय असतं मला माहीत नाही.

मग ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली. पाय परत आला, बोलणं परत आलं, उजवा हात अर्धाच परत आला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांच्या मनाला त्रास होईल असं काही बोलू नका. रक्तदाब वाढता कामा नये." झालं. त्या दिवसापासून मी माझ्या तोंडाला कुलूप घातलं. ह्यांच्या हातून कप फुटला तरी, "जाऊ दे हो, जुनाच होता." भाजीत मीठ दोनदा पडलं तरी, "आज छान झालीय." माझा मुलगा तसाच, सूनही तशीच. घरात एवढी साखरपेरणी चालली होती की मुंग्या कशा लागल्या नाहीत देव जाणे.

हे लिफ्टचे मेकॅनिक. जन्मभर बंद पडलेल्या लिफ्ट चालू केल्या. आत अडकलेल्या माणसांशी वरून गप्पा मारत मारत काम करायचे. घरातला मिक्सर, पंखा, घड्याळ, शेजाऱ्यांच्या सायकली, काही म्हणून बाहेर दुरुस्तीला जात नसे. आणि आता तोच माणूस बाल्कनीतल्या खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसायचा. बाल्कनीत बसून भिंत कोण बघतं? एकदा बाथरूमचा दिवा गेला. मी सहज सांगितलं तर म्हणाले, "बोलाव कुणाला तरी." दिवा बदलायला. झटक्याच्या दिवशी मी रडले नव्हते, त्या दिवशी रडले. नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

आता प्रिंटरचं सांगते. मी आणि सून घरी केक करतो. मी केक आणि क्रीम बघते, सून ऑर्डरी आणि चित्रं बघते. लोकांना हल्ली केकवर फोटो लागतो. त्यासाठी स्वयंपाकघरात एक प्रिंटर आहे. त्यात खायची शाई आणि खायचा कागद, साखरेचा. फोटो छापायचा आणि क्रीमवर अलगद ठेवायचा, मग त्याच्यासकट सगळा केक पोटात. अगदी तसाच दुसरा प्रिंटर बाहेरच्या खोलीत आहे, तो साध्या शाईचा. बिलं, पत्ते, खोक्यावरच्या चिठ्ठ्या वगैरे. एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले जुळे. सुनेने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आई, ह्या दोघांची शाई काय, पुसायचं फडकंसुद्धा एकमेकांना लागता कामा नये." मी ते काटेकोर पाळलं. ह्यांना मात्र कुणी सांगितलं नाही. ह्यांना आम्ही तेव्हा कशातच घेत नव्हतो.

सून बहिणीच्या बाळंतपणाला गेली, मुलगाही तिला सोडायला गेला. मधल्या दिवसांत फोटोची एकही ऑर्डर आली नाही, आणि खायच्या शाईचा स्वभावच असा की प्रिंटर रोज चालवला नाही की ती आतल्या आत वाळते. त्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाईंचा केक होता. शाळेची बस चालवणारे काका निवृत्त होत होते. बालवाडीपासूनची पोरं त्यांना निरोप देणार, आणि केकवर काकांचा बसशेजारी उभं राहून काढलेला फोटो. चार वाजता बाई स्वतः न्यायला येणार होत्या.

सकाळी मी फोटो छापला. काका जांभळे आणि बस पांढरी. निरोपाचा केक की अपघाताची बातमी, काही कळेना. पिवळा रंग येतच नव्हता.

खरं सांगायचं तर दुकानातल्या मेकॅनिकचा नंबर भिंतीवर चिकटवलेला होता. फोन केला असता तर तासाभरात आला असता. मी हात फोनकडे नेला आणि परत घेतला. बाल्कनीत गेले आणि तोंड पाडून म्हणाले, "अहो, प्रिंटर बिघडलाय. मेकॅनिक फोन उचलत नाहीये. चारला केक द्यायचाय. काय करू?"

भिंतीकडचं तोंड वळलं नाही. "दुसऱ्या कुणाला विचार."

"कुणाला विचारू? तुम्ही बघता का जरा? नुसतं बघा."

माझा जीव टांगणीला लागला होता. मला प्रिंटर नको होता हो, मला माझा माणूस परत हवा होता. आज नाही उठला तर हा कधीच उठणार नाही, असं काहीतरी माझ्या मनाने घेतलं होतं. उठला आणि हरला, तर त्याहून वाईट. तेही मला कळत होतं.

"काय येत नाही?" त्यांनी विचारलं.

"पिवळा."

ते उठले.

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी झाकण उघडलं, वायर काढली, आणि आत वाकून बघत राहिले. मग शेल्फवरची त्यांची हत्यारांची पेटी मागितली. मी ती पुसून ठेवत होते वर्षभर, पण तसं दाखवलं नाही. शोधल्यासारखं करून आणली.

शाईच्या चारही डब्या त्यांनी डाव्या हाताने एकेक काढून ओळीने मांडल्या. त्यांच्याखाली असतं ते हेड. आगपेटीपेक्षा थोडं मोठं, वर तांब्याच्या पट्ट्या, आणि खाली दिसणारसुद्धा नाहीत अशी भोकं. शाई त्यातूनच कागदावर उडते. त्याला धरून ठेवणारा एक छोटा खटका असतो. तो दाबायला दोन हात लागतात. एकाने खटका, दुसऱ्याने हेड. ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. खटक्यावरून बोट निसटलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा निसटलं. माझे हात शिवशिवायला लागले. मी ते क्रीमच्या भांड्यात घातले आणि नको तेवढं फेटत बसले.

खटका दबला. हेड बाहेर आलं. मी श्वास सोडला तो त्यांनाही ऐकू गेला असेल.

"कोमट पाणी. गरम नको. आणि पसरट बशी."

दिली. त्यांनी टिश्यूची घडी ओली केली, बशीत ठेवली आणि त्यावर हेड टेकवलं. हळूहळू कागदावर लाल रेघ उमटली, निळी उमटली, काळी उमटली. पिवळ्याची जागा कोरी. त्यांनी बारीक नळी लावलेल्या सिरिंजने पाणी सोडलं, जोर न करता, थांबत थांबत. पाणी मागे यायचं. पुन्हा. पुन्हा. कपाळावर घाम आला होता. रक्तदाब, मला आठवलं. मी म्हणणार होते, बसा जरा. पण ते कसे वाकून बसले होते ते मी किती दिवसांनी बघत होते.

हेड परत बसवलं, डब्या लावल्या, वायर लावली. प्रिंटर घरघरला आणि सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. कागद ओढेना, काही करेना.

ह्यांचा चेहरा उतरला. "गेला," म्हणाले. "जळलं वाटतं हेड."

मला दिसलं होतं. हेड बसवताना तांब्याच्या पट्टीवर पाण्याचा थेंब होता. एरवी मी काय म्हटलं असतं, सांगू? "ओलं तसंच कोंबलंत ना? पुसायला काय झालं होतं? लिफ्टमध्येही असंच पाणी ओतत होतात का?" जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. आणि गोड आवाजात म्हणाले, "राहू दे हो. केवढं केलंत. दमला असाल, पडा जरा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मला तेव्हा कळलं नाही. चिडलेले नव्हते. ओळख नसलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत होते.

"तुला खोकं आणायचं होतं ना?" म्हणाले. "आण जा. मी बघतो."

मी गेले. जिन्यात उभी राहून देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. खोक्यांच्या दुकानात उगाच वेळ काढला. परत येताना दार उघडल्यावर बाल्कनीतली खुर्ची भरलेली दिसणार, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

दार उघडलं तर प्रिंटरचा आवाज. लयीत, एकसारखा, अडखळत नव्हता. साखरेचा कागद हळूहळू बाहेर येत होता आणि त्यावर बस होती. पिवळी. पिवळीधमक. शेजारी काका, माणसाच्या रंगाचे. ह्यांनी दोन्ही हातांनी कागद उचलून मला दाखवला. उजवा हात थरथरत होता, पण धरला होता.

"आला पिवळा," म्हणाले.

आता एक गोष्ट. खायची शाई थोडी फिकी असते. कितीही चांगलं छापा, फोटो जरा धुतल्यासारखा दिसतो. हा तसा दिसत नव्हता. बसवरची अक्षरंसुद्धा काळीकुट्ट. एवढा गडद रंग आला कुठून, हा प्रश्न माझ्या मनात आला, अगदी शब्दांसकट आला. पण त्यांचा चेहरा बघून मला तो विचारवेना. मी टाळ्या वाजवल्या. "वा, वा," म्हणाले. "काय हो तुम्ही. मेकॅनिकचं पोट मारलंत."

ते हसले, पण लगेच थांबले. "बाकी काही नाही ना विचारायचं?"

"काय विचारायचं? सुंदर आलाय."

"बरं," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मी केकवर क्रीमचा शेवटचा थर दिला, सुरीने सपाट केला, आणि कागद अलगद ठेवला. सुरकुती नाही, बुडबुडा नाही. बाथरूममधून दाढीच्या पाण्याचा आवाज येत होता. गुणगुणणंही. वर्षभरात मी ते ऐकलं नव्हतं. मग आतूनच विचारलं, "माझा निळा शर्ट कुठाय? बाईंच्या हातात केक मीच देतो." ज्या माणसाला लिफ्टमध्ये कुणी भेटेल म्हणून खाली उतरायचं नव्हतं, तो शाळेच्या मोठ्या बाईंना भेटणार होता. मला एवढं हलकं वाटलं की मी त्याच गाण्याची पुढची ओळ गुणगुणत खोक्यावरची चिठ्ठी छापायला बाहेरच्या खोलीत गेले.

बाहेरच्या प्रिंटरचं झाकण उघडं होतं. आत डब्यांची जागा रिकामी, आणि त्यांच्याखाली हेडचीही. शेजारी टिश्यूवर एक ओलं हेड वाळत ठेवलं होतं. स्वयंपाकघरातलं.

कळायला वेळ लागलाच नाही. मेकॅनिकची जुनी सवय. एका लिफ्टचा भाग चालत नाही, मग शेजारच्या चालू लिफ्टचा काढून लावून बघायचा. जुळे प्रिंटर, जुळे भाग. ह्यांच्या लेखी हेड म्हणजे नुसती वाट. शाई डबीतली, ती खायचीच. पण ह्या वाटेने आजवर साधी शाई गेलेली होती. कार्यालयात वापरतात ती, डबीवर पोटात घेऊ नका म्हणून लिहिलेली. तो काळाकुट्ट रंग तिचाच. आणि तो आता माझ्या क्रीममध्ये उतरत होता.

मी झाकण लावलं. का लावलं माहीत नाही. स्वयंपाकघरात आले आणि केकसमोर उभी राहिले.

कुणाला कळलं असतं? थेंबभर शाई. कदाचित तेवढीही नाही. पोटात गेल्यावर काय होतं मला माहीत नव्हतं, नसेलही होत काही. पण दुसऱ्याच्या पोरांच्या पोटात 'नसेलही होत' घालायचं? बालवाडीतली पोरं, पहिली बोटं फोटोवरच घालणार. नाही. ते होणार नव्हतं. केक जाणार नव्हता, एवढं पक्कं होतं. प्रश्न फक्त बाथरूममधल्या गुणगुणण्याचा होता. ह्यांना सांगायचं काय? वर्षानंतर हत्यार हातात घेतलंत आणि केक वाया घालवलात? ते ऐकून हे परत त्या खुर्चीवर जाऊन बसले असते, आणि मग भिंत फोडूनही बाहेर आले नसते. डॉक्टरीणबाईंचा आवाज कानात होता.

ओट्यावर पाण्याचा ग्लास होता. मी तो उचलला आणि फोटोवर ओतला.

साखरेचा कागद तो. बघता बघता विरघळला. काका गेले, बस गेली, पिवळा ओघळ क्रीमवरून ताटात आला. मी ग्लास आडवा टाकला आणि ओरडले, "अहो, घात झाला."

ते बाहेर आले. एका गालाला साबण, अंगात निळा शर्ट, गुंड्या अर्ध्या.

"हात लागला हो ग्लासला," मी म्हणाले. "कशी वेंधळी मी. एवढं छान केलं होतंत. जाऊ दे, मी नुसतं क्रीमचं काहीतरी काढते वरून. तुमचा काही दोष नाही."

त्यांनी केककडे पाहिलं, ग्लासकडे पाहिलं. ग्लास कुठे पडलाय आणि पाणी कुठे पडलंय ते पाहिलं. मेकॅनिकची नजर ती. मग बाहेरच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा दारातच थांबले.

"झाकण मी उघडं ठेवलं होतं," म्हणाले.

मी फडक्याने ओटा पुसत राहिले.

"तू लावलंस."

"धूळ बसते म्हणून लावलं."

"आत बघितलंस."

"नाही हो. कशाला बघू?"

"तुझ्या हातून कधी पाणी सांडलेलं मी बघितलं नाहीये. मुद्दाम ओतलंस."

"असं काय बोलता? चुकून झालं. तुम्ही बसा बघू आधी, तुमचा चेहरा लाल झालाय. पाणी देऊ? गोळी घेतलीत का दुपारची?"

त्यांनी डावा हात ओट्यावर आपटला. भांडी हलली. ह्या माणसाने आयुष्यात कधी हात आपटला नव्हता.

"बोल," म्हणाले. "जे तोंडात आलंय ते बोल. गिळू नकोस. सकाळपासून बघतोय, गिळते आहेस. पट्टीवर थेंब होता, तुला दिसला होता. बोलली नाहीस. एवढा गडद फोटो आला, तुला दिसला. विचारलं नाहीस. हेड लावताना माझ्या मनात आलं होतं, हे खाण्याचं काम आहे, चालेल का? कोमट पाण्यातून दोनदा काढलं आणि म्हटलं, ती विचारेल. पिवळा कुठून आणलात म्हणून तीच विचारेल. आणि तू टाळ्या वाजवल्यास. पोराने चित्र काढल्यासारख्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभराची आग होती, तिला फक्त वाट हवी होती.

"ती विचारेल?" मी म्हणाले. "म्हणजे अक्कल माझ्याकडे गहाण ठेवली होती का तुम्ही? स्वतःच्या मनात आलं होतं ना, मग हात थांबला का नाही? खाण्याच्या भांड्यात बाहेरचं काही घालायचं नाही, हे शेंबड्या पोराला कळतं आणि तुम्हाला कळलं नाही? पन्नास पोरं खाणार होती हा केक. त्यांच्या आयांना काय सांगायचं होतं, आमच्या ह्यांना मशीन चालू करून दाखवायचं होतं म्हणून? आणि ओलं हेड तसंच कोंबलंत. कोंबलंतच. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि विजेच्या पट्टीवर पाणी. लाज नाही वाटली? आणि कोण म्हणालं होतं तुम्हाला वर्षभर त्या भिंतीकडे बघत बसा? काय लिहिलंय त्या भिंतीवर? एक दिवा बदलायला माणूस बोलवायला लावलंत मला. मी मेलेय का? तुमचा हात अर्धा गेला, माझा सगळा नवरा गेला, आणि मी मूग गिळून तुम्हाला भाजी छान झालीय म्हणत बसले. खारट होती ती. खारट. ताटलीसकट फेकून द्यावी अशी..."

आणि मला त्यांचा चेहरा दिसला. लालबुंद. कपाळावरची शीर उठलेली. माझा आवाज तिथेच तुटला. हे काय करून बसले मी? एका केकपायी माणूस घालवते आहे की काय? मी त्यांचा दंड धरला.

"बसा," मी म्हणाले. "बसा हो. मी काहीच नाही बोलले. विसरा सगळं."

"हं," ते म्हणाले. "पुढे?"

मी दंड सोडला नाही.

"थांबलीस का? भाजीपर्यंत आली होतीस."

"तुमचं डोकं दुखतंय का? खरं सांगा."

"नाही दुखत. बरं वाटतंय." त्यांनी गालावरचा साबण शर्टाच्या बाहीने पुसला, निळ्या शर्टाच्या, आणि मला तेही दिसलं. "वर्षभर ह्या घरात माझ्या हातून एक चूक झाली नाही. कप फुटला, तर कप जुना. ताट पडलं, तर जमीन ओली. तुम्ही सगळे माझ्याशी भिंतीवरच्या फोटोशी बोलतात तसे बोलत होता. मला वाटायला लागलं होतं, मी दवाखान्यातच मेलो आणि मला कुणी सांगितलं नाही."

मी रडले. नळ न सोडता, तोंड उघडं टाकून, लाजबीज सोडून रडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला. उजवा. जड होता तो हात.

तेवढ्यात बेल वाजली. चार वाजले होते.

मी डोळे पुसले, केस मागे केले, घाईघाईने मनात वाक्यं जुळवायला लागले. बाई, माझ्याकडून पाणी सांडलं. बाई, मशीनने दगा दिला. ह्यांना आत पाठवायचं आणि मीच दारात जायचं, असं ठरवत होते, तोवर हे दारापाशी पोचले होते. अर्ध्या गुंड्या, एक गाल दाढीचा, एक बिनदाढीचा.

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, मागे एक शिक्षिका.

"केक तयार नाही," हे म्हणाले. "मशीन दुरुस्त करताना मी चूक केली. साध्या शाईचा भाग खायच्या मशीनला लावला. तो केक मुलांना देता आला नसता. चूक माझी आहे."

बाईंनी घड्याळ पाहिलं. आवाजात नाराजी होती आणि ती असायलाच हवी होती. "मुलं हॉलमध्ये बसलीयत हो. काका पण येऊन बसलेत. आता मी काय सांगू त्यांना?"

"मीच बिघडवलाय म्हणून सांगा. वरचा थर काढून नवीन द्यावा लागेल, अर्धा तास लागेल. फोटो मिळणार नाही. बस काढून देईल ही हाताने, पिवळी. या, बसा. पंखा लावतो."

दोघी आत येऊन बसल्या. मी सुरी घेऊन केकचा वरचा थर खरवडायला घेतला. जिथे जिथे रंग उतरला होता तिथे खालपर्यंत, हात आखडता न घेता. सगळं कचऱ्यात. नवीन क्रीम भांड्यात ओतलं. बाहेरून ह्यांचा आवाज येत होता, बाईंना लिफ्टमध्ये अडकलेल्या कुणाचं तरी सांगत होते. शिक्षिका हसली. मला एका हाताने भांडं धरून फेटता येईना. भांडं ओट्यावरून सरकत होतं.

"अहो," मी हाक मारली, चांगली खणखणीत. "लोकांना गोष्टी नंतर सांगा. नुकसान केलंय तुम्ही आणि निस्तरतेय मी एकटी. हात धुवा आणि इकडे येऊन भांडं धरा. साबणाने धुवा, नुसते पाण्याखाली फिरवू नका."

बाहेरची गोष्ट मध्येच थांबली. बाई चपापल्या असतील.

ते आले. हातांवरून पाणी निथळत होतं. दोन्ही हातांनी भांडं धरून ओट्यापाशी उभे राहिले.

"ओरडतेस काय," म्हणाले. "आलोय ना."